नदीपलीकडच्या भावाला

लिंडकेअर, ६ सप्टेंबर १९१४

प्रिय जेस,

तू सुखरूप पोचलास हे मेट्टाने सांगितलं. तेव्हा मी दुधाच्या चरव्या धूत होते आणि तशीच धूत राहिले, कारण फौजदार व्होस अंगणात उभा होता आणि त्याचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. मेट्टा सुईण असल्यामुळे तिच्याकडे नदीच्या दोन्ही काठांना जायचा परवाना आहे. हे पत्र तिच्या पिशवीत फडक्यांखालून येईल. उत्तरही तसंच पाठव. टपाल फोडून वाचतात.

बाबा काय म्हणाले, असं विचारलं आहेस. काहीच म्हणाले नाहीत. सकाळी तुझं अंथरूण रिकामं दिसलं तेव्हा थोडा वेळ दारात उभे राहिले, मग गोठ्यात गेले आणि तुझ्या वाट्याच्या गाईंचंही दूध त्यांनीच काढलं. न्याहारीला धाकट्या आस्मुसने विचारलं, "जेस कुठाय?" बाबांनी राईचा पाव कापला, त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "खा." बस्स.

व्होस आला तो दुपारी.

"निस, तुमचा थोरला भरतीला हजर झाला नाही."

"मला विचारून गेला नाही."

"गेला कुठे? नदीपलीकडे, डेन्मार्कात?"

"गेला असेल."

"कैसरच्या माणसाने लढाईच्या तोंडावर पळणं म्हणजे काय, कळतं ना तुम्हाला?"

त्यावर बाबा म्हणाले, "व्होस, मी दहा वर्षांचा होतो तेव्हा हे गाव डेन्मार्कचं होतं. मग चौसष्टची लढाई झाली, तुम्ही जिंकलात, आणि माझा बाप त्या लढाईत तुमच्या लोकांशी लढता लढता गेला. मी आजवर कुठेही पळालो नाही. सरहद्दच पळत पळत माझ्या घरावरून पुढे गेली."

व्होसने हे लिहून घेतलं नाही. तेवढा तो बरा आहे. पण जाता जाता दोरीवरचं धुणं त्याला दिसलं. माझा लाल परकर आणि शेजारी पांढरी चादर. म्हणाला, "हा डेन्मार्कचा झेंडा काढा." मी म्हटलं, "अहो, परकर आहे तो." म्हणाला, "मग मध्ये काहीतरी निळं घाला." आस्मुस इतका हसला की त्याला उचकी लागली. बाबा हसले नाहीत.

बाबांचा राग उतरेल. तू निघालास त्याच्या आदल्या संध्याकाळी सभाघरात आपल्या डॅनिश लोकांचा पुढारी लाउस्ट जे बोलला तेच त्यांच्या डोक्यात आहे. आपली मुलं पळाली तर शेतं ओस पडतील, जर्मन येऊन बसतील, आणि उद्या तुम्हाला कोणता देश हवा असं कुणी विचारलंच तर उत्तर द्यायला इथे आपलं माणूस उरणार नाही. लाउस्टला मुलगे नाहीत, हे तू तेव्हाच मोठ्याने म्हणाला होतास. म्हणायला नको होतंस. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

कोल्डिंगच्या दूधडेअरीत काम मिळालं हे छान झालं. पाय कोरडे ठेव.

तुझी
बोटिला

&nbsp;

लिंडकेअर, २ एप्रिल १९१५

प्रिय जेस,

हे पत्र टपालाने आणि जर्मनमध्ये लिहिते आहे. मेट्टाच्या परवान्याची सध्या तपासणी चालू आहे. म्हणून हवापाण्याबद्दलच लिहिते.

पाऊस बेताचा आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. कॉफी मिळत नाही, जव भाजून पितो. बाबांची तब्येत चांगली आहे. आस्मुसचीही तब्येत चांगली आहे, इतकी चांगली की फ्लेन्सबोर्गच्या डॉक्टरांनी त्याला बघताक्षणी पसंत केलं. सध्या तो तिथेच असतो. बूट मोठे होतात म्हणतो.

घोड्यांना त्याची सवय होती. तपकिरी घोडी दोन दिवस खात नव्हती, आता खाते.

सर्वांचा नमस्कार.

बोटिला

&nbsp;

लिंडकेअर, ११ जून १९१६

प्रिय जेस,

मेट्टाचा परवाना परत मिळाला, म्हणून घाईघाईत लिहिते.

तू आस्मुसची वाट बघत पलीकडच्या काठावर लव्हाळ्यात दोन पहाटे थांबला होतास, हे तिने सांगितलं. चिखलात गुडघ्यापर्यंत. बरोबर कोरडे कपडे आणि पावाचा डबा होता, हेही सांगितलं. ती हे सांगताना रडत होती. मेट्टाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आस्मुस आला नाही, कारण ऐन वेळी पहारा वाढवला. पुलाजवळ कुत्री आणली होती. जीव धोक्यात घालण्यात अर्थ नव्हता. त्याची रजा संपली आणि तो परत गेला. पुढच्या रजेत बघू.

तू मनाला लावून घेऊ नकोस.

बोटिला

&nbsp;

लिंडकेअर, २२ ऑक्टोबर १९१६

जेस,

तुला मेट्टाकडून कळलं असेलच. तिला मीच सांगितलं होतं की तोंडी सांग, मला लिहिणं जमणार नाही. आता जमवते आहे.

आस्मुस गेला. फ्रान्समध्ये, सोम नावाच्या नदीजवळ, सप्टेंबरच्या शेवटी. नदी आहे म्हणे तिथे, आपल्या नदीपेक्षा फार मोठी नाही. कुठे पुरलं ते कळवलेलं नाही. पुरलं का, तेही नाही.

तुला ठाऊक आहे, त्याची पत्रं जर्मनमध्ये यायची. डॅनिशमध्ये लिहिलेली पत्रं महिना महिना अडकून पडायची, कारण ती वाचायला त्यांना माणूस शोधावा लागायचा. बाबांना जर्मन येतं. पण त्यांनी आयुष्यात घरात एक ओळ जर्मन वाचली नव्हती. आस्मुसचं पत्र आलं की ते माझ्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "काय म्हणतोय पोरगा, सांग." मी आपल्या भाषेत सांगायचे. मधली काही वाक्यं गाळायचे. उवा, उंदीर, शेजारच्या माणसाचं काय झालं ते. बाबांना कळायचं मी गाळते आहे, पण ते कधी बोलले नाहीत.

हा शेवटचा कागद आला तेव्हा मी तळ्यावर होते. व्होस स्वतः घेऊन आला, टोपी काढून. बाबांनी तो माझ्यासाठी ठेवला नाही. उभ्यानेच स्वतः वाचला. मी आले तर व्होस फाटकातून बाहेर जात होता आणि बाबा कागदाची घडी घालत होते. म्हणाले, "ह्यात गाळण्यासारखं काही नाही."

आता मेमध्ये काय झालं ते सांगते. पुलाजवळ कुत्री नव्हती. पहाराही वाढला नव्हता. सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मी त्याच्यासाठी तुझी जुनी विजार उसवून लांब केली होती. मेट्टा त्याला नदीपर्यंत नेणार होती. तो गेला असता. पण त्याला बाबांना न सांगता जायचं नव्हतं. "जेस न सांगता गेला," तो म्हणाला, "तेच बाबांना लागलंय. मी सांगून जातो." तुला तो आठवतोच. घोड्याच्या पाठीवरची माशीसुद्धा परवानगी मागून उडवायचा.

संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला. मी तिथेच होते, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"बाबा, मी परत जाणार नाही."

"कुठे राहशील?"

"जेसकडे."

दोन वर्षांत त्या टेबलावर तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं. बाबांनीच बंदी केली होती. तू गेलास त्याच दिवशी ते म्हणाले होते, "ह्या घरात आता दोनच मुलं." हे मी तुला तेव्हा कळवलं नाही. राग उतरेल असं लिहिलं. उतरला नव्हता.

बाबा म्हणाले, "आणि इथे कोण राहील?"

"तुम्ही आहात. बोटिला आहे."

"मी किती दिवस? बोटिलाच्या नावावर हे लोक शेत ठेवतील असं वाटतं तुला? पळून गेलेल्याचं घर म्हणून उद्या काढून घेतील."

"बाबा, मी तिथे माणसं मारतोय. ज्यांच्याशी माझं काही भांडण नाही अशी. कुणासाठी मारतोय मी?"

"कुणासाठीच नाही. तू तिथे फक्त जिवंत राहायचंस. जिवंत राहायचं आणि घरी यायचं, एवढंच तुझं काम. एक दिवस हे लोक हरतील. त्या दिवशी इथे तू हवास."

आस्मुसने ताटली पुढे सरकवली. मग म्हणाला, "ते माझ्या हातात असतं तर किती बरं झालं असतं."

बाबा उठले. त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आई गेल्यापासून मी त्यांना कुणाच्या डोक्यावर हात ठेवताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माझ्यासाठी जा. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

झालं. हुकूम केला असता तर तो पळालाही असता. बाबांनी मागितलं.

रजेच्या शेवटच्या दिवशी बाबांनी स्वतः गाडी जोडली आणि त्याला स्टेशनवर पोचवलं. मी फाटकात उभी होते. तपकिरी घोडी वळणावर अडून बसली, पुढेच जाईना. आस्मुस खाली उतरला, तिच्या कानाशी काहीतरी बोलला, तेव्हा ती चालली. त्यानेच तिला चालवलं.

मी तुला हे आधी का लिहिलं नाही? तू बाबांचा कायमचा तिरस्कार करशील म्हणून. आता कर. मी करून बघितला. एकाच घरात राहून, त्यांचे मोजे रफू करताना तो टिकवणं कठीण जातं, एवढंच सांगते.

बोटिला

&nbsp;

लिंडकेअर, ४ मार्च १९१७

जेस,

बाबा तुरुंगातून परत आले. तुला काळजी वाटली असं मेट्टा म्हणाली. मी हे बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ऐकू आलं नाही असं दाखवलं असतं त्यांनी.

झालं असं. चर्चमध्ये एक फळा लावला. गावातल्या लढाईत पडलेल्या मुलांची नावं त्यावर. वर मोठ्या अक्षरांत 'कैसर आणि पितृभूमीसाठी'. खाली पानांचा हार, त्याला काळी-पांढरी-लाल जर्मन फीत. फळ्यावरचं तिसरं नाव आस्मुसचं. नवे पाद्री जर्मन आहेत, कीलहून आलेले, माणूस वाईट नाही, त्यांना खरंच वाटलं की आपण मान देतो आहोत. प्रार्थना झाल्यावर बाबा उठले, पुढे गेले, खिशातला चाकू काढला. पाद्री दचकून मागे सरले. बाबांनी फीत कापली, नीट गुंडाळली आणि पाद्रीबुवांच्या हातात दिली. म्हणाले, "ही तुमची. नाव आमचं आहे, ते राहू द्या."

चर्चमध्ये कुणी हललं नाही. लाउस्टही नाही. पहिल्याच बाकावर होता तो.

व्होसला नाइलाजाने पकडावं लागलं. हादर्सलेवच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथे थंडी, सलगमाचं पाणी, आणि बाबांचं वय. आले ते खोकतच आले. रात्रंदिवस खोकतात. अंगणातून घरात येईपर्यंत तीनदा थांबतात.

आल्यावर मी विचारलं, "कशाला केलंत हे? त्याने आस्मुस परत येणार होता का?"

म्हणाले, "बोटिला, मी त्याला पाठवला. कैसरने नाही. हे खोटं चर्चमध्ये लटकत राहिलेलं मला बघवेना."

तू हे वाच, जेस. पुन्हा एकदा वाच.

बोटिला

&nbsp;

लिंडकेअर, २० नोव्हेंबर १९१८

जेस,

लढाई संपली. कैसर पळाला. इथे सभाघरात लोक जमले आणि वर्षानुवर्षं दारं लावून म्हटलेली गाणी दारं उघडी टाकून म्हटली. कोणता देश हवा यावर आपल्या लोकांना मत देता येणार असं पक्कं सांगतात. बाबांनी जे सांगितलं होतं तसंच सगळं झालं. ते हरले, आपल्याला विचारणार, आणि शेत आपल्याच हातात आहे.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बिछान्यात होते. म्हणाले, "हं." मग भिंतीकडे तोंड केलं.

शेजारचा ट्रुएल्स परत आला. डावा पाय मांडीपासून नाही. त्याची आई दिवसभर त्याच्या मागेमागे फिरते आणि तो तिला ओरडतो.

बोटिला

&nbsp;

लिंडकेअर, १५ फेब्रुवारी १९२०

जेस,

तू रागावून गेलास हे मला ठाऊक आहे. मतदानाला इतक्या वर्षांनी घरी आलास आणि बापाने दार उघडलं नाही, गोठ्यातून बाहेरसुद्धा आले नाहीत. तुझी बायको अंगणात उभी होती. थंडीने तिचे ओठ निळे पडले होते. मी तिला आत ये म्हटलं तर म्हणाली, "जेसशिवाय नाही." चांगली मुलगी आहे. तिला हे बघावं लागलं याचं मला वाईट वाटतं.

पण बाबा का आले नाहीत, ते तुला कळलेलं नाही. तुला वाटतं तू पळालास म्हणून. नाही.

त्या सकाळी त्यांनी काळे कपडे काढून ठेवायला सांगितले. मतदानाला जाऊन आले आणि मला विचारलं, "गाडी किती वाजता येते?" कुठली गाडी म्हणून मी विचारलं नाही. कोल्डिंगची एकच गाडी होती. मी त्यांच्या गळ्याभोवती लोकरीची पट्टी गुंडाळली. त्यांनी गुंडाळू दिली. आम्ही सभाघरापर्यंत चालत गेलो, थांबत थांबत.

आम्ही पोचलो तेव्हा स्टेशनवरून मिरवणूक आली होती. बँड, झेंडे, तुम्ही सगळे नदीपलीकडून आलेले, ह्या मातीत जन्मलेले म्हणून मत द्यायला आलेले. तुला दोघांनी खांद्यावर घेतलं होतं. आत टेबलं मांडली होती, सात-आठ तऱ्हेचे केक, खरी कॉफी. लाउस्टने तुला बोलायला उभं केलं. बाबा दारातच थांबले, मी त्यांच्या मागे. गर्दीमुळे तुला दिसलो नसू.

तू चांगलं बोललास. आवाज चांगला आहे तुझा. मग तू म्हणालास, "आम्ही ताठ मानेने परत आलो आहोत, कारण आम्ही तो गणवेश अंगावर कधी चढवला नाही!"

टाळ्या पडल्या. नदीपलीकडून आलेल्यांच्या. आमच्या लोकांपैकी फार थोड्यांनी वाजवल्या. तू समोर बघत होतास, पण बघितलं नाहीस. भिंतीशी ट्रुएल्स बसला होता, कुबडी मांडीवर घेऊन. त्याच्या बाजूला त्याची आई. पलीकडे तो आंधळा झालेला सुताराचा मुलगा. त्या खोलीत किमान दहा घरं अशी होती जिथून कुणीतरी तो गणवेश घालून गेलं आणि आलं नाही. ट्रुएल्स हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, "बरं झालं जेस तुझं."

बाबा वळले आणि चालायला लागले. वाटेत कुठेही थांबले नाहीत, खोकले नाहीत. घरी येऊन गोठ्यात गेले आणि आतून कडी लावली. तू आलास, हाका मारल्यास, तेव्हा ते तिथे तपकिरी घोडीपाशी उभे होते. मी फटीतून पाहिलं.

तू हे मुद्दाम म्हणाला नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू त्या लव्हाळ्यात उभा होतास हेही मी विसरलेले नाही. पण जेस, तुझ्या ताठ मानेची किंमत इथे आस्मुसने भरली. एका घरातून दोघे पळाले असते तर शेत गेलं असतं. तू पहिला पळालास, म्हणून त्याला पळता आलं नाही. हे मी कधी म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं.

निकाल लागला आहे. आपलं गाव डेन्मार्कचं झालं. गावातली जवळजवळ सगळी मतं आपलीच.

बोटिला

&nbsp;

लिंडकेअर, १३ जुलै १९२०

जेस,

पाच महिन्यांत तू लिहिलं नाहीस, मीही नाही. तुला वर्तमानपत्रात राजा सरहद्द ओलांडून आला त्याचं सगळं वाचायला मिळालं असेल. फुलं, पांढऱ्या पोशाखातल्या मुली, रडणारे म्हातारे. आमच्या गावातल्या समारंभाचं तुला कुणी काही वेगळंच सांगेल, म्हणून मीच लिहिते.

सभाघरापुढे नवा ध्वजस्तंभ उभा केला. पहिल्यांदाच, कुणाची परवानगी न घेता, लाल-पांढरा झेंडा उघड्यावर चढणार होता. तो कुणी चढवायचा यावर बैठका झाल्या. शेवटी लाउस्ट आमच्याकडे आला.

"निस, तुझा बाप त्या लढाईत गेला. तू तुरुंगात जाऊन आलास. हा मान तुझा."

मला वाटलं बाबा त्याला हाकलून देतील. ते म्हणाले, "येतो."

परवा दुपारी सगळं गाव जमलं. ऊन लख्ख होतं. कोल्डिंगहून फोटोवाला आणला होता, त्याचा कॅमेरा तीन पायांवर मांडलेला. पोरांच्या हातात कागदी झेंडे. बायकांनी पहाटेपासून केक भाजले होते. बँड तयार. बाबा काळ्या कपड्यांत पुढे आले, टोपी काढून गवतावर ठेवली आणि दोर ओढायला लागले. दोन वेळा थांबून खोकले. मी पुढे होणार होते, पण त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. झेंडा पार टोकापर्यंत गेला, वाऱ्यावर उलगडला. लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी शब्दांत सांगू शकणार नाही. माझ्याही तोंडून निघाला. छप्पन्न वर्षं, जेस.

बँडवाल्याने हात वर केला. आणि बाबांनी दोर सैल सोडायला सुरुवात केली.

झेंडा खाली यायला लागला. लोकांना आधी वाटलं दोर निसटला. लाउस्ट ओरडला, "निस, अडकला का?"

"नाही."

अर्ध्यावर आल्यावर बाबांनी दोर खुंटीला गुंडाळला. आपल्याकडे घरात माणूस गेलं की झेंडा आधी वर नेतात आणि मग अर्ध्यावर आणतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

लाउस्ट जवळ आला. हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, आजचा दिवस आनंदाचा आहे. काय चालवलंयस?"

"आनंदाचा आहे ना," बाबा म्हणाले. "म्हणून तर आधी वर नेला. सगळ्यांनी पाहिला. आता माझ्या घरात माणूस गेलंय, त्याचं करतो. तेव्हा झेंडा लावायची बंदी होती."

"चार वर्षं झाली त्याला! निस, पाव्हणे आलेत, फोटोवाला आलाय…"

"मग फोटो काढ म्हणावं."

लाउस्टचा चेहरा लाल झाला. त्याने दोराला हात घातला. तेव्हा भिंतीपासून ट्रुएल्स आला. गवतावर त्याची कुबडी रुतत होती, म्हणून यायला वेळ लागला. तो लाउस्टसमोर उभा राहिला.

"हात काढ."

"ट्रुएल्स, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच पडलो होतो, लाउस्ट. तू सांगितलंस म्हणून पडलो. सभाघरात टेबलावर उभा राहून सांगितलं होतंस. हात काढ."

लाउस्टने हात काढला. तो रडत होता, जेस. मला त्याचा आयुष्यभर राग आला, पण तिथे नाही आला. त्याला खरंच वाटलं होतं की आपण सगळ्यांचं भलं सांगतो आहोत. बाबांनाही तसंच वाटलं होतं.

मग सुताराच्या आंधळ्या मुलाने विचारलं, "झेंडा कुठे आहे?" त्याच्या बहिणीने सांगितलं, "अर्ध्यावर." त्याने टोपी काढली. एकेक करत बाकीच्यांनीही काढली. बँड वाजला नाही. कागदी झेंडे घेतलेली पोरं आयांकडे बघत होती, कुणीच त्यांना काय करायचं ते सांगत नव्हतं. बऱ्याच वेळाने सगळे आत गेले आणि केक खाल्ला, कारण तो भाजलेला होता. मयताच्या घरी खातात तसा, खाली बघत. काही जण न खाताच निघून गेले. नदीपलीकडून आलेले पाहुणे तर फार दुखावले. म्हणाले, एवढा दिवस नासवला. नासवलाच. त्यांचं खोटं नाही.

झेंडा संध्याकाळपर्यंत तसाच होता. उतरवायला लाउस्ट गेला, एकटाच.

बाबांना मी घरी आणलं. अंगणातल्या बाकावर बसले. आता त्यांच्याने बसल्यावर उठवत नाही, मी धरून उठवते. डॉक्टर म्हणतात, ते यंदाची थंडी बघतील असं नाही. हे मी तुला लपवून ठेवत नाही. आता मी काही लपवत नाही.

त्यांनी शेताकडे बघत विचारलं, "गवत कधी कापायचं?"

"आत्ताच कापायला हवं. पण कापणार कोण?"

मी आत जाणार, तेवढ्यात म्हणाले, "जेसला येतं."

सहा वर्षांत पहिल्यांदा. मी मुद्दामच विचारलं, "कुणाला?"

"ऐकलंस ते." मग खोकला आला, तो थांबेपर्यंत मी पाठ चोळली. "लिही त्याला. ये म्हणावं. इथे भाषण नको म्हणावं. आणि आस्मुसच्या जागेवर बसायचं नाही. दुसरी खुर्ची आहे."

हे त्यांचे शब्द आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही आणि काही गाळलेलंही नाही. त्याला क्षमा म्हणायचं की नाही ते मला कळत नाही. मी केली आहे का, तेही विचारू नकोस.

आलास तर मागच्या वाटेने येऊ नकोस. पुढच्या फाटकाने ये, गावाला दिसू दे. ट्रुएल्सच्या घरावरून ये आणि त्याला भेटून ये. बाबा बहुतेक तुझ्याशी बोलणार नाहीत. तूही बोलू नकोस. सरळ कुरणात जा आणि कापायला लाग. ते बाकावर बसलेले असतील. त्यांना तिथून दिसतं.

बोटिला